लॉगमध्ये न उमटणारा हल्ला

वेबसाइटवर हल्ला झाल्याचा संशय आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लॉग बघितलात का? प्रश्न योग्यच आहे, पण जे घडले ते लॉगमध्ये असणारच असे त्यात गृहीत धरलेले असते. वेब सुरक्षेचे शिक्षणही पुष्कळ ठिकाणी याच समजुतीवर चालते. विद्यार्थ्यांपुढे सर्व्हरच्या लॉगची भली मोठी फाइल ठेवायची आणि त्यातला हल्ला शोधून काढायला सांगायचे, हा नेहमीचा स्वाध्याय. अडचण अशी की वेब सर्व्हरचा नेहमीचा लॉग या कामासाठी घडलेलाच नाही. आजही जगभर वापरात असलेला त्याचा साचा १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातला, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्राच्या वेब सर्व्हरपासून चालत आलेला आहे. रकाने पाहिले की त्याचा स्वभाव कळतो. पहिल्यात मागणाऱ्याचा आयपी पत्ता. दुसऱ्यात जवळजवळ नेहमीच एक आडवी रेघ. समोरच्या संगणकाला 'तुझ्याकडे कोण बसले आहे' असे विचारण्याची एक जुनी सोय होती, तिच्यासाठी राखलेली ही जागा तीस वर्षे रिकामीच आहे. मग लॉगिन केलेल्याचे नाव असल्यास ते, तारीख-वेळ, रिक्वेस्टची पहिली ओळ, उत्तराचा तीन आकडी कोड आणि किती बाइट पाठवले तो आकडा. पुढे यात आधीच्या पानाचा पत्ता आणि ब्राउझरची ओळख हे दोन रकाने वाढले. कोणते पान किती वेळा मागितले गेले, कोणती लिंक तुटली आहे, हे सांगायला एवढे पुरते. हल्ला ओळखायला शिकवण्यासाठी मात्र हा साचा एका अंगाने फार तोकडा आहे, आणि तो तोकडा म्हणून सगळेच टिपायला घेतले तर ती नोंद स्वतःच धोक्याची वस्तू बनते. म्हणून सुरक्षेच्या सरावासाठी लागणारी नोंद सर्व्हरवरून आयती उचलता येत नाही. काय शिकवायचे ते आधी ठरवून ती मुद्दाम तयार करावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

तोकडेपणा कुठे आहे ते एका रिक्वेस्टवरून पाहू. एखाद्या पतसंस्थेच्या साइटवर लॉगिनचा फॉर्म आहे. नाव आणि पासवर्ड भरून बटण दाबले की ब्राउझर पोस्ट पद्धतीची रिक्वेस्ट पाठवतो आणि भरलेला मजकूर तिच्या पोटात, म्हणजे बॉडीत जातो. लॉगमध्ये एवढेच उमटते: पोस्ट, लॉगिनच्या पानाचा मार्ग, कोड २००, अमुक इतके बाइट. आता त्याच फॉर्ममध्ये नावाच्या जागी कोणी एक अवतरणचिन्ह टाकले आणि त्यापुढे 'किंवा एक बरोबर एक' या अर्थाची, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली अट जोडली. प्रोग्रॅम निष्काळजीपणे लिहिलेला असेल तर डेटाबेस ती अट खरी मानतो आणि पासवर्ड नसतानाही खाते उघडते. लॉगमधली ओळ मात्र आधीसारखीच, फार तर बाइटांचा आकडा इकडेतिकडे. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि वेळ सापडते, पिशवीत काय होते ते सापडत नाही, तसेच हे. हाच हल्ला गेट पद्धतीने, म्हणजे पत्त्याला मजकूर जोडून केला, तर ते अवतरणचिन्ह टक्क्याचे चिन्ह आणि पुढे २७ अशा रूपात लॉगमध्ये ठळक दिसते. परिणाम असा की नेहमीच्या लॉगवर शिकलेला विद्यार्थी पत्त्यातले हल्ले ओळखण्यात तरबेज होतो आणि बॉडीतले हल्ले असतात हे त्याला पुस्तकातून माहीत असते, इतकेच.

बॉडीखेरीज रिक्वेस्टला हेडर, म्हणजे तिच्याविषयीची माहिती सांगणाऱ्या ओळी असतात, आणि तिथली उदाहरणे तर महागात पडलेली आहेत. ७ मार्च २०१७ रोजी अपाची स्ट्रट्स या जावाच्या चौकटीतली एक खोट जाहीर झाली. पाठवलेला मजकूर कोणत्या प्रकारचा आहे हे सांगणाऱ्या 'कंटेंट-टाइप' हेडरमध्ये विशिष्ट रचनेचा मजकूर लिहिला की सर्व्हर तो आज्ञा समजून चालवत असे. दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध होती. एक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीने ती एका पोर्टलवर बसवली नाही, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चोरांनी तिथून आत शिरून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती नेली. वर सांगितलेल्या लॉगच्या साच्यात कंटेंट-टाइपला रकानाच नाही. दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. कंपनीकडे नेटवर्कवरची वाहतूक उघडून तपासणारे उपकरण होते, पण त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वी संपल्याने कूटबद्ध वाहतूक न तपासताच पुढे जात होती. २९ जुलैला प्रमाणपत्र बदलले आणि संशयास्पद हालचाल लगेच नजरेस आली. वेब अनुप्रयोगांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने त्याच वर्षी आपल्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत 'अपुऱ्या नोंदी आणि अपुरी देखरेख' हे स्वतंत्र कलम घातले.

मग सरळ उपाय सुचतो: सगळे टिपा. हेडर, बॉडी, कुकी, उत्तर, सगळे. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. एचटीटीपीएसमुळे वाटेत कोणाला काही वाचता येत नाही हे खरे, पण सर्व्हरच्या दाराशी रिक्वेस्ट उलगडतेच, आणि तिथे बसवलेला रिव्हर्स प्रॉक्सी किंवा मॉडसिक्युरिटीसारखे साधन ती जशीच्या तशी लिहून ठेवू शकते. स्वतःच्या संगणकावर मिटमप्रॉक्सी, झॅप किंवा बर्प सूट यांपैकी एखादे मध्यस्थ साधन लावले, त्याचे प्रमाणपत्र ब्राउझरला मान्य करायला लावले, की आपली प्रत्येक रिक्वेस्ट समोर उघडी पडते. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधून तर एका क्लिकवर सगळी देवाणघेवाण 'हार' नावाच्या फाइलमध्ये उतरवता येते. प्रश्न नोंद झाल्यानंतरचा आहे. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सर्व, म्हणजे ३३ कोटींच्या घरातल्या, वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. एका चुकीमुळे पासवर्ड सांकेतिक रूपात जाण्याआधीच आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. फेसबुकच्या यंत्रणेतही कोट्यवधी पासवर्ड वाचता येतील अशा रूपात साठल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि त्याबद्दल आयर्लंडच्या नियामकाने सप्टेंबर २०२४ मध्ये ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. या दोन्ही ठिकाणी पासवर्डांचा मुख्य साठा फोडावा लागला नव्हता. ते वाहत्या कामात बाजूला सांडले होते.

आपल्या विषयाशी सगळ्यात जवळची घटना ऑक्टाची. लॉगिन सांभाळण्याची सेवा देणारी ही अमेरिकी कंपनी. ग्राहकाला काही अडचण आली की मदत विभाग त्याच्याकडून हार फाइल मागवत असे, आणि त्यात गैर काहीच नाही. नेमके काय बिघडले ते पाहायला रिक्वेस्टची संपूर्ण नोंद लागतेच. पण त्या नोंदीत चालू सेशनचे टोकनही असते. टोकन म्हणजे 'याने आधीच लॉगिन केले आहे' याचा पुरावा. तो ज्याच्या हाती पडेल त्याला पासवर्डही विचारला जात नाही आणि ओटीपीही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये चोर मदत विभागाच्या यंत्रणेत शिरले, १३४ ग्राहकांच्या फाइलींपर्यंत पोहोचले, आणि त्यातल्या टोकनांच्या आधारे ५ ग्राहकांची सेशन त्यांनी बळकावली. फसलेल्यांत स्वतः सुरक्षेची उत्पादने विकणाऱ्या कंपन्या होत्या. प्रशिक्षणवर्गासाठी 'खऱ्या वाहतुकीचा नमुना' म्हणून अशी फाइल वर्गभर वाटणाऱ्याने हे प्रकरण आधी वाचावे.

नोंद करणे ही निरुपद्रवी, कागदावर टिपण घेण्यासारखी क्रिया आहे, हाही समज टिकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावाच्या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली खोट जाहीर झाली आणि तीव्रतेच्या मोजपट्टीवर तिला १० पैकी १० गुण मिळाले. ब्राउझरची ओळख सांगणाऱ्या हेडरमध्ये डॉलरचे चिन्ह आणि महिरपी कंसाने सुरू होणारा ठरावीक मजकूर घातला की लायब्ररी तो लिहिता लिहिता त्याचा अर्थ लावू लागे आणि दूरच्या सर्व्हरवरून प्रोग्रॅम आणून चालवी. हल्ला झाला तो नोंद करण्याच्या क्षणी. टिपलेला लॉग ब्राउझरमधल्या फलकावर पाहतानाही अशीच गत होऊ शकते: नोंदीतली स्क्रिप्ट निष्प्रभ न करता दाखवली तर ती पाहणाऱ्याच्या संगणकावर चालते. विद्यार्थ्यांना दिलेल्या संग्रहात खरे हल्ले असतील, तर तो संग्रह उघडण्याची जागाही वेगळी काढावी लागते.

तेव्हा नोंद मुद्दाम तयार करायची. इथे लगेच आक्षेप येतो, आणि तो भक्कम आहे: बनवलेली नोंद म्हणजे लुटुपुटूची लढाई, तिच्यावर शिकलेला माणूस किंवा शिकवलेले संगणकीय मॉडेल खऱ्या मैदानात उताणे पडते. आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे. १९९८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेसाठी एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने हवाई दलाच्या तळावरच्या नेटवर्कची नक्कल उभारली, तिच्यात साधी वाहतूक आणि हल्ले दोन्ही सोडले आणि सगळे टिपले. त्यातून निघालेला केडीडी ९९ हा सुमारे ४९ लाख ओळींचा आणि ४१ रकान्यांचा संग्रह पुढे वर्षानुवर्षे संशोधकांचा आखाडा झाला. ही नोंद वेबपुरती नव्हती, नेटवर्कच्या जोडण्यांची होती, पण धडा तोच. २००३ मध्ये फ्लोरिडातल्या महोनी आणि चॅन या संशोधकांनी लिंकन लॅबोरेटरीने पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, तशाच केलेल्या संग्रहाची बारकाईने तपासणी केली. प्रत्येक पॅकेटवर त्याचे उरलेले आयुष्य सांगणारा एक लहानसा आकडा असतो. साध्या वाहतुकीत तो बहुतेक वेळा १२७ किंवा २५४ निघाला. १२६ आणि २५३ हे आकडे फक्त हल्ल्यांच्या पॅकेटांवर होते. कारण हल्ल्याच्या स्वभावात नव्हते, लॅबच्या मांडणीत होते. म्हणजे हल्ल्याचे ओ की ठो न कळणारा प्रोग्रॅमही या एका आकड्यावरून शाबासकी मिळवू शकला असता. केडीडीतल्या प्रशिक्षणाच्या ओळींपैकी ७८ टक्के ओळी पुन्हा पुन्हा आलेल्या आहेत, हे कॅनडातल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले ते वेगळेच.

पण यावरून बनवलेली नोंद वाईट असे ठरत नाही. कशी बनवू नये ते ठरते. आजच्या वर्गातही १२६ आणि २५३ यांचे भाऊबंद सापडतात. एसक्यूएलमॅप हे हल्ल्याच्या सरावाचे लोकप्रिय साधन, वेगळे काही न सांगितल्यास, आपले नाव प्रत्येक रिक्वेस्टच्या ब्राउझर-ओळखीच्या हेडरमध्ये लिहिते. त्याच्या मदतीने हल्ल्यांचा संग्रह केला आणि ते नाव तसेच राहू दिले, तर विद्यार्थी काय शिकतो? फाइलमध्ये एक नाव शोधायला. साध्या रिक्वेस्ट दुपारी आणि हल्ले रात्री टिपले तर घड्याळ बघायला. दोन्ही बाजू एकाच ब्राउझरांतून, एकाच वेळांत, एकाच नेटवर्कवरून यायला हव्यात, आणि कोणती रिक्वेस्ट हल्ल्याची होती याची खूण रिक्वेस्टच्या आत न ठेवता वेगळ्या फाइलमध्ये, ती पाठवल्याक्षणीच लिहायला हवी. मागाहून अंदाजाने लावलेल्या खुणा म्हणजे आपल्याला जे ओळखता आले तेवढेच हल्ले, आणि आपल्याला न ओळखता आलेले मग कायमचे 'साधे' होऊन बसतात.

हल्ल्यांपेक्षा साध्या वाहतुकीकडे जास्त लक्ष द्यावे लागते, आणि नेमके तिकडेच कोणी बघत नाही. हल्ल्यांच्या तयार याद्या कुठेही मिळतात. आपल्या साइटवर सामान्य माणूस काय लिहितो याची यादी कुठेच मिळत नाही. स्पेनच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये एका ऑनलाइन दुकानाच्या नमुन्यावर ३६ हजार साध्या आणि २५ हजारांहून अधिक विसंगत रिक्वेस्टचा संग्रह तयार केला. त्यात हेडर आणि बॉडीसह पूर्ण रिक्वेस्ट आहेत, म्हणून तो वेबच्या सरावाला अजून उपयोगी पडतो. पण ते दुकान स्पॅनिश आहे, तिथली नावे-पत्ते स्पॅनिश आहेत. आपल्याकडे कोणी शोधाच्या चौकटीत 'कोल्हापूर' लिहितो. युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, उकार आणि हलन्त धरून ही ९ चिन्हे, प्रत्येकाचे ३ बाइट, आणि पत्त्यातून जाताना प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे असा लिहिला जातो. म्हणजे लॉगमध्ये कोल्हापूर ८१ खुणांचे होते आणि त्यातली २७ टक्क्याची चिन्हे असतात. इंग्रजी वाहतुकीवर शिकलेल्या डोळ्याला टक्क्यांची अशी दाटी म्हणजे कोणीतरी काहीतरी लपवतो आहे असे वाटते. त्याने शिकलेल्या उदाहरणांत ते खरेही होते. मॉडसिक्युरिटीबरोबर वापरल्या जाणाऱ्या कोर रूल सेट या नियमावलीच्या कडक पातळ्यांवर साध्या इंग्रजी चिन्हांच्या पट्ट्याबाहेरचा बाइट दिसला तरी तक्रार नोंदवली जाते. मराठीत शोध घेणारा प्रत्येक जण त्या पातळीवर संशयित.

दुसरे उदाहरण एका अवतरणचिन्हाचे. वसईत आणि गोव्यात डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा ही आडनावे घरोघरी आहेत, आणि रोमन लिपीत ती लिहिताना 'डी'पुढे बहुधा एकेरी अवतरणचिन्ह येते. लॉगिनच्या फॉर्ममधून डेटाबेस फोडायला निघालेला माणूस जे चिन्ह पहिल्यांदा टाइप करतो, तेच हे. 'अवतरणचिन्ह दिसले की अडवा' असा नियम शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती उद्या एखाद्या बँकेचा किंवा भरती मंडळाचा अर्ज गेला, तर या लोकांचे अर्ज तो मुकाट्याने नाकारत राहील, आणि हल्ले अडवल्याचा आकडा अहवालात छान दिसेल. सरावाच्या संग्रहात पाचशे हल्ल्यांबरोबर दोन-चारशे डिसोझा असतील, तरच तो पुढचा प्रश्न विचारायला शिकतो: चिन्ह आले ते ठीक, त्याच्यापुढे काय आले?

आता उलट बाजूचा आक्षेप. इतका खटाटोप कशाला, खरीच वाहतूक घ्या आणि नावे पुसा. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने हेच केले होते. सुमारे साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत केलेले दोन कोटी शोध संशोधनासाठी खुले करताना नावांच्या जागी क्रमांक घातले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी एका क्रमांकाच्या शोधांवरून ती व्यक्ती कोण हे काही दिवसांतच शोधून काढले, कारण माणूस आपल्या गावाचे, नातेवाइकांचे, आजारांचे शोध घेतो आणि ते सगळे एका क्रमांकाखाली ओळीने लावलेले होते. आयपी पत्त्याऐवजी त्याचा हॅश, म्हणजे त्यातून गणिताने काढलेली खूण, ठेवण्याचा उपायही वाटतो तितका पक्का नाही. आयपीच्या जुन्या आवृत्तीत एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी. सगळ्यांचे हॅश काढून जुळवणी करणे आजच्या साध्या संगणकालाही जड नाही. निदान गुप्त किल्ली मिसळून हॅश काढावा आणि संग्रह तयार झाला की किल्ली नष्ट करावी. त्याने एकाच माणसाच्या रिक्वेस्ट एकत्र ओळखता येतात, जे शिकवायला लागते, आणि माणूस मात्र हाती लागत नाही. अर्थात एओएलची अडचण त्यानेही सुटत नाही. ती मजकुरात होती.

म्हणून मला लॅबची वाट जास्त प्रामाणिक वाटते. वेबगोट, डीव्हीडब्ल्यूए किंवा ज्यूस शॉप अशी मुद्दाम कच्ची ठेवलेली अ‍ॅप्लिकेशन बंद नेटवर्कवर लावायची, विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिवसभर त्यांवर साधे व्यवहार करायचे, मराठीत, घाईत, चुकत, मागे जाऊन पुन्हा फॉर्म भरत. दुसऱ्या गटाने त्याच वेळेत हल्ले करायचे. ताज्या हल्ल्यांची उणीव हनीपॉटने भरता येते, म्हणजे कोणाच्याही खऱ्या कामाचे नसलेले, इंटरनेटवर उघडे ठेवलेले सापळ्याचे यंत्र. तिथे बहुतांश येतात ते एकामागून एक पत्ते ठोठावत जाणारे स्वयंचलित प्रोग्रॅम, कसबी चोर क्वचित. पण खोट जाहीर झाल्यावर काही तासांत रिक्वेस्ट कशा बदलतात ते पाहायला ते पुरेसे आहे. लॅबमध्येही पासवर्ड आणि टोकन डिस्कवर उतरण्याआधीच गाळावेत, कारण विद्यार्थी सरावाच्या खात्यालाही सवयीने आपला नेहमीचाच पासवर्ड देतात. गाळण्यासाठी निषिद्ध गोष्टींची यादी करण्यापेक्षा परवानगी असलेल्यांची करावी: ठरलेली क्षेत्रे पूर्ण लिहायची, बाकीच्यांची फक्त लांबी आणि कोणत्या प्रकारची चिन्हे आली तेवढे. निषिद्धांच्या यादीत 'पासवर्ड' असतो, पण फॉर्म लिहिणाऱ्याने त्या क्षेत्राला 'पीडब्ल्यू' नाव दिलेले असते.

कंपनीतल्या खऱ्या लॉगचा प्रश्न उरतोच, कारण ते ठेवणे ऐच्छिक नाही. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. जपलेच आहेत तर शिकवायला वापरू, हा मोह म्हणूनच सोपा. पण तपासासाठी जपणे आणि नव्या भरतीच्या प्रशिक्षणात ते वाटणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि व्यक्तिगत माहिती ज्या हेतूने घेतली त्या हेतूपुरती वापरावी या तत्त्वावर २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा उभा आहे. साधनांनीही आता थोडा पवित्रा बदलला आहे. ऑक्टा प्रकरणानंतर क्लाउडफ्लेअर या वेब सुरक्षा कंपनीने हार फाइल स्वच्छ करणारे साधन खुले केले. २०२४ पासून क्रोममधून हार फाइल उतरवताना कुकी आणि ऑथरायझेशन ही हेडर आपोआप वगळली जातात. सगळे हवे असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तशी परवानगी आधी चालू करावी लागते. पत्त्यात जोडलेले टोकन आणि बॉडीतला पासवर्ड त्या स्वच्छ फाइलमध्येही राहू शकतात, तेव्हा ती वर्गात नेण्याआधी एकदा नोटपॅडमध्ये उघडून, शोधाच्या चौकटीत आपलाच पासवर्ड टाकून पाहावा.